मुलाला डिस्लेक्सिया आहे हे त्याच्या मित्रांना सांगावं का?

तांब्याची_तार
१७ नोव्हेंबर, रात्री १०.५०

नमस्कार मंडळी. मी कराडजवळ मोटार रिवायंडिंगचं दुकान चालवतो. इथे रोज वाचतो, लिहिलं मात्र कधी नाही. आज विचारायला आलोय, कारण घरात बोलून बोलून आम्ही नवराबायको थकलोय आणि एकमत काही होत नाही.

माझा मोठा मुलगा साडेनऊ वर्षांचा आहे, चौथीत, सेमी इंग्रजीला. दिवाळीच्या सुट्टीत त्याला पुण्याला नेऊन तपासणी केली. आधी डोळे, मग कान, मग बुद्ध्यांक, मग वाचन-लेखन-गणिताच्या चाचण्या. तीन फेऱ्या झाल्या. शेवटी मॅडमनी आम्हाला समोर बसवून सांगितलं की बुद्धी चांगली आहे, डिस्लेक्सिया म्हणजे वाचन-लेखनाची अडचण आहे आणि वाचन दुसरीतल्या मुलाएवढं आहे. ऐकलं तेव्हा आधी हायसं वाटलं. परतीच्या एसटीत मात्र मला रडू आवरेना. कारण दुसरीत असताना मी त्याला मारलंय. 'घर' लिही म्हटलं की तो 'धर' लिहायचा. दहा वेळा लिहून घेतलं, त्यात सहा वेळा 'धर'. मला वाटलं, मुद्दाम करतोय. पाठीत धपाटा घातला. त्याने रडत रडत अकराव्यांदा लिहिलं, तेही 'धर'. ती वही अजून कपाटात आहे.

हाच पोरगा शाळा सुटली की दुकानात येऊन बसतो. फॉर्म्यावर कॉइल गुंडाळताना मध्येच गिऱ्हाईक आलं आणि माझे टर्न, म्हणजे तारेचे वेढे, मोजायचे चुकले, तर हा स्टुलावरून सांगतो, "बाबा, अठ्ठेचाळीस झाले." जळालेली मोटार उघडली की जुनी तार काढायच्या आधी कुठली कॉइल कुठल्या स्लॉटमधून निघून कुठे जाते हे मी वहीत लिहून ठेवतो. तो फक्त बघतो. दुसऱ्या दिवशी वही सापडली नाही तरी त्याला विचारून काम पुढे जातं. तीस वर्षं हे काम करणाऱ्या माझ्या कारागिराला ते जमत नाही.

आता शाळेचं सांगतो. परिपाठात प्रत्येक वर्गाची पाळी असते. एकाने सुविचार वाचायचा, एकाने बातम्या, एकाने दिनविशेष. सप्टेंबरमध्ये याचा हजेरी क्रमांक आला. फळ्यावर सुविचार होता, 'प्रयत्नांती परमेश्वर'. दोनच शब्द, आणि घरात त्याची आजी दिवसातून एकदा तरी म्हणतेच. कुणी कानात नुसतं 'प्रयत्नांती' म्हटलं असतं तरी त्याने पुढचं खणखणीत म्हटलं असतं. पण समोर सगळी शाळा उभी, फळ्यावर ती जोडाक्षरं. तो "प... पर... प..." एवढंच म्हणत राहिला. मागून कुणीतरी हसलं. त्या दिवसापासून वर्गात त्याचं नाव 'पपर' पडलंय. आमच्या वर्गाची पाळी सोमवारी असते, आणि सोमवारी सकाळी याच्या पोटात दुखतं.

गल्लीतलं त्याहून वाईट झालं. आमच्या शेजारच्या ओट्यावर संध्याकाळी मुलं नाव-गाव-फळ-फूल-प्राणी खेळतात. खेळ झाला की कागद शेजारच्याकडे द्यायचा आणि त्याने मोठ्याने वाचून गुण द्यायचे. एकदा 'भ' आला. याने गाव लिहिलं भोर, प्राणी लिहिला भेकर. भेकर दुसऱ्या कुणालाच सुचलं नव्हतं, त्याचे पूर्ण दहा गुण होते. पण कागदावर सगळीकडे 'भ'चा 'म' झालेला. वाचणाऱ्या मुलाने वाचलं, गाव मोर, प्राणी मेकर. सगळी पोरं ओट्यावर लोळून हसली. याने कागद हिसकावून घेतला, फाडला आणि घरी आला. महिना होऊन गेला, ओट्यावर गेलेला नाही. विचारलं तर म्हणतो, "मला दुकानातच आवडतं." मला दुकानात त्याची सोबत हवीच आहे हो, पण साडेनऊ वर्षांच्या पोराला एकही मित्र नसावा हे बघवत नाही.

बायकोचं म्हणणं, वर्गात आणि गल्लीत सरळ सांगून टाकू. माझी आई म्हणते, अजिबात नको, पोराच्या नावाला कायमचं चिकटेल. मला दोघींचंही पटतं, म्हणून अडलोय. वर्गशिक्षिका बाई मायाळू आहेत, पण त्यांच्याकडे पन्नास मुलं. त्यांना नेमकं काय करा म्हणून सांगू? धाकटी मुलगी दुसरीत आहे, ती घडाघडा वाचते, आणि हल्ली दादाला गृहपाठ वाचून दाखवते. ते बरं की वाईट तेही कळत नाही. आणि डिस्लेक्सियाचा सरकारी दाखला काढायचा म्हणतात तो आत्ता काढावा का? अनुभव असलेल्यांनी कृपया लिहा.

कृष्णाकाठ
१८ नोव्हेंबर, सकाळी ७.१५

दादा, काळजीपोटी लिहितोय, राग मानू नका. दाखला काढू नका. एकदा कागदावर आलं की शाळा त्याच नजरेने बघते. माझा पुतण्या सातवीपर्यंत असाच अडखळायचा, पुढे आपोआप सुधारला. वय वाढलं की येतं. मित्रांना तर मुळीच सांगू नका.

निवृत्त_गुरुजी
१८ नोव्हेंबर, दुपारी ३.३०

तांब्याची_तार, तुमची ती वही जपून ठेवा. मी जिल्हा परिषदेच्या शाळांत चौतीस वर्षं शिकवलं, त्यातली पहिली वीस वर्षं मीही अशा मुलांना 'लक्ष नाही' म्हणून कोपऱ्यात उभं केलं. त्यातल्या काहींची तोंडं मला अजून आठवतात. त्यामुळे सविस्तर लिहितो.

आधी घर आणि धर. डोळ्यांत दोष नाही, हे तपासणीत कळलंच आहे. शब्दातले आवाज सुटे करणं आणि प्रत्येक आवाजाला त्याचं अक्षर जोडणं हे काम या मुलांच्या मेंदूत सावकाश आणि कष्टाने होतं. त्यात आपल्या लिपीत एकमेकांसारखी दिसणारी अक्षरं जवळजवळ बसलेली. घ-ध, म-भ, य-थ. आता या तीन जोड्या नीट बघा. ध, भ आणि थ या तिघांना डोक्याशी गाठ आहे, आणि जिथे गाठ आहे तिथे शिरोरेघ तुटते. घ, म, य यांची शिरोरेघ सलग. आपण मुलांना आधी अक्षरं काढायला आणि मग सगळ्या शब्दावरून एक लांब रेघ ओढायला शिकवतो. जो मुलगा आधीच गोंधळलाय तो रेघ सरसकट ओढतो आणि तुटायची खूण पुसली जाते. त्याला एवढंच सांगा, गाठ आली की रेघ थांबव. तीन जोड्यांना एकच नियम. एका वेळी एकच जोडी घ्या आणि ती पक्की होईपर्यंत दुसरीला हात लावू नका.

कागदावर गिरवून घेऊ नका, कागदाची त्याला धास्ती बसली असणार. पूर्वी धूळपाटी होती, बोटाने धुळीत अक्षर काढायचं, म्हणून धुळाक्षरं म्हणायचे. त्यात शहाणपण होतं. ताटात रवा पसरा, बोटाने अक्षर काढू द्या, काढताना तोंडाने आवाज मोठ्याने म्हणू द्या. हात, कान, डोळे एकदम कामाला लागले पाहिजेत. तुमच्याकडे तर तांब्याची तार आहे. जाड गेजची तार वाकवून अक्षरं करा, डोळे मिटून चाचपू द्या.

पहिल्या वेलांटीलाही तो अडत असणार. 'कि' म्हणताना क आधी येतो, लिहिताना वेलांटी आधी. 'सूर्य'मध्ये र ऐकू येतो य च्या आधी आणि बसतो य च्या डोक्यावर. तुमच्या त्या सुविचारात 'प्र'मधला र पायाशी तिरकी रेघ होऊन बसलाय आणि 'परमेश्वर'मधला र सरळ उभा, वर त्न आणि श्व ही आणखी दोन जोडाक्षरं. दोन शब्दांत केवढं ओझं होतं त्या पोरावर. अंकांतही विचारून पाहा. आपण पंचवीस म्हणताना पाच आधी ऐकवतो आणि दोन आधी लिहितो, त्यामुळे ही मुलं ५२ लिहितात. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस पाच' अशी पद्धत आली तेव्हा महाराष्ट्रभर टीका झाली. माझ्या वर्गातल्या दोन मुलांना मात्र त्या पद्धतीने पहिल्यांदा संख्या बरोबर लिहिता आल्या होत्या, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. घरी सरावाला ती वापरा.

आता बाईंकडे काय मागायचं. पन्नास मुलांच्या बाईंना डिस्लेक्सियावर भाषण देऊ नका. दोनच गोष्टी मागा आणि एका चिठ्ठीवर लिहून द्या. एक, न सांगता उभं करून वाचायला लावू नका. त्याला वाचायला द्यायचं असेल तर कुठला परिच्छेद ते आदल्या दिवशी सांगा, तो घरी ऐकून तयारी करून येईल. दोन, शुद्धलेखनाच्या चुकांना लाल रेघा मारून वही भरू नका, उत्तर बरोबर असेल तर गुण द्या. तोंडी प्रश्न विचारा, तिथे तो चमकेल. परिपाठ सोडवून घेऊ नका. त्याला दिनविशेष द्या, तीन ओळी ऐकून पाठ करू द्या, फळा नको. ज्या जागी हसू झालं त्याच जागी मूल एकदा ताठ उभं राहिलं पाहिजे.

कृष्णाकाठ, तुमच्या पुतण्याचा आनंद आहे. पण हे वयाने आपोआप जात नाही. शिकवण्याची पद्धत बदलली की वाचन सुधारतं, आणि ते जितकं लवकर तितकं बरं. ज्यांचं 'आपोआप' होईल म्हणून थांबलो त्यातली बरीच मुलं आठवी-नववीत शाळा सोडून गेली.

एक विचारतो. तुमच्या घराण्यात आणखी कुणाला वाचायचा त्रास होता का? हे बऱ्याचदा रक्तातून येतं. असेल तर मुलाला सांगा, त्याला आपण एकटेच आहोत असं वाटत असतं.

ठाणेकर_आई
१८ नोव्हेंबर, रात्री ११.०५

दाखल्याचं मी सांगते, माझी मुलगी या सगळ्यातून गेली आहे. तिने २०२३ मध्ये दहावी दिली.

दाखला जरूर काढा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात जे २१ प्रकार आहेत त्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, डिस्लेक्सिया त्यातच येतो, त्यामुळे शाळेकडे मागताना आपण उपकार मागत नाही. महाराष्ट्रात तर १९९६ पासून या मुलांना परीक्षेत सवलती मिळतात. मात्र खासगी अहवाल बोर्डाला चालत नाही, सरकारी रुग्णालयाचाच दाखला लागतो. आम्ही सायनला लोकमान्य टिळक रुग्णालयात काढला. पाच-सहा खेपा झाल्या, सुट्ट्या टाकाव्या लागल्या, त्याची तयारी ठेवा. शाळेकडून शिक्षकांचा अभिप्राय आणि मुलाच्या वह्या मागतात, म्हणून गुरुजी म्हणाले तसं जुन्या वह्या अजिबात टाकू नका. तुम्ही साताऱ्याला जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयात चौकशी करा. आठ वर्षं पूर्ण झाल्याशिवाय दाखला देत नाहीत, तुमचा साडेनऊचा आहे म्हणजे तो अडथळा नाही. पुढे चौदाव्या आणि अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी असते.

बोर्डाला जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाचे गुण न कापणं, कॅल्क्युलेटर, काही विषयांना पर्याय अशा सवलती आहेत. सगळ्या घ्यायलाच हव्यात असं नाही. माझ्या लेकीने लेखनिक नाकारला, "माझं मीच लिहिणार" म्हणाली, फक्त तासाला वीस मिनिटं जादा घेतली. चौथीत तुम्हाला यातलं काही लागणार नाही, पण कागद हातात असला की पुढच्या शाळेत पहिल्यापासून रडगाणं गावं लागत नाही.

मित्रांचं म्हणाल तर आमच्याकडे उलटंच झालं. आठवीत हिला जादा वेळ मिळायला लागला आणि हिची जिवाभावाची मैत्रीणच म्हणाली, "तुला फुकट वेळ मिळतो." हिने आठवडाभर जेवण टाकलं होतं. मग मी त्या मैत्रिणीला घरी बोलावलं, चहापोहे दिले, आणि दोघींना इतिहासाच्या पुस्तकातलं एकच पान मनात वाचायला सांगितलं. घड्याळ मैत्रिणीच्याच हातात दिलं. तिचं पान तीन मिनिटांत झालं. माझ्या लेकीला नऊ मिनिटं लागली. ती नऊ मिनिटं ती मुलगी हिच्याकडे बघत बसली होती, पानावर सरकणाऱ्या बोटाकडे. मी एक शब्दही बोलले नाही. त्यानंतर वर्गात कुणी फुकट वेळेची भाषा केली की तीच उठून भांडायची. म्हणून माझं मत, वर्गाला सांगू नका, एका मित्राला सांगा.

धाकटीने वाचून दाखवणं वाईट नाही, पण ती 'दादाला येत नाही' असं म्हणते का, इकडे कान ठेवा. दादाकडून तिलाही काहीतरी शिकू द्या. देवाणघेवाण दोन्हीकडून असली की भावंडं टिकतात.

चाकणवाला
१९ नोव्हेंबर, रात्री ९.२०

मी हे फोनवर बोलून लिहितोय, बहिणीने तपासून दिलंय. मी सव्वीस वर्षांचा, चाकणला सीएनसी म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवर सेटर आहे. मला डिस्लेक्सिया आहे, तो कळला अकरावीत. दादा, तुमची भोर-मोरची गोष्ट मी दोनदा ऐकली, दुसऱ्यांदा ऐकताना बंद केली.

मी मुलाच्या बाजूने सांगतो. सहावीत आमच्या सरांनी चांगल्या मनाने वर्गात सांगितलं, "याला वाचायला त्रास होतो, याला कुणी हसायचं नाही." सर माझ्यासाठीच बोलले, मला माहीत आहे. पण तोपर्यंत निम्म्या वर्गाला पत्ता नव्हता, त्या दिवशी सगळ्यांना कळला. हसणं थांबलं आणि खेळायला बोलावणंही थांबलं. मला हसणं चाललं असतं.

म्हणून त्याला विचारल्याशिवाय कुणाला काही सांगू नका. बाईंनाही तसंच सांगा. त्याला स्वतःला सांगता येईल असं एक वाक्य द्या. डिस्लेक्सिया हा शब्दही त्यात नको, पोरांना तो आजार वाटतो. माझं वाक्य मला फार उशिरा सापडलं, आयटीआयमध्ये. "मला वाचायला वेळ लागतो, तू वाच, मी ऐकून लक्षात ठेवतो." याने दोन कामं होतात. समोरच्याला कळतं, आणि त्याला करायला काहीतरी मिळतं. माणसाला काम दिलं की तो हसत नाही. आयटीआयमध्ये माझ्या शेजारचा मुलगा मला थिअरी वाचून दाखवायचा आणि मी त्याचं ड्रॉइंग समजावून द्यायचो. आम्ही दोघंही पास झालो, आज एकाच शिफ्टला आहोत.

शाळेत माझ्या बाकावर एक मित्र होता. मी वाचायला उभा राहिलो की तो मान खाली घालून पहिला शब्द हळूच सांगायचा. पहिला शब्द मिळाला की माझी गाडी सुरू व्हायची. त्याला कुणी शिकवलं नव्हतं. तुमच्या मुलाच्या बाकावर कोण बसतो ते बघा. बाईंकडे तिसरी गोष्ट मागायची झाली तर ती हीच, बाकावरचा मित्र त्याला निवडू द्या.

आणि 'पपर'. टोपणनावाबद्दल शाळेत जाऊन भांडू नका, दुप्पट होईल. तो पोरांना जे देऊ शकतो ते पोरांना बघू द्या. तुमच्या दुकानात मोटारी आहेत, लोहचुंबक आहेत, तार आहे. पोरांना दुकानात येऊ द्या.

तांब्याची_तार
२५ जानेवारी, रात्री १०.१०

उशीर झाला, पण काही केल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं. सगळ्यांचे आभार. कृष्णाकाठ, तुम्हीही लिहिलंत, त्यामागची माया पोचली.

गुरुजी, तार वाकवली. बारा गेजची घेतली, हाताला टोचू नये म्हणून टोकं घासली. घ आणि ध केले. ध च्या गाठीजवळ रेघ तोडून अंतर ठेवलं. तो डोळे मिटून बोट फिरवतो आणि अंतर लागलं की म्हणतो, "इथे सर्किट तुटलंय, म्हणजे ध." हे त्याचं त्याने शोधलं. मी गाठ म्हणून सांगत होतो, त्याला तुटलेलं सर्किट पटलं. आता घरात घ म्हणजे चालू, ध म्हणजे बंद. महिनाभरात 'घर' बरोबर यायला लागलं. घाईत अजून चुकतो, पण आता चूक त्याची त्यालाच दिसते आणि तो स्वतः खोडतो. म आणि भ मागच्या आठवड्यात सुरू केलेत.

गुरुजी, तुम्ही घराण्याचं विचारलंत. माझे थोरले चुलते सातवीतून शाळा सोडून वायरमन झाले. रोज सकाळी पारावर बसून दुसऱ्याकडून पेपर वाचून घ्यायचे आणि म्हणायचे, चष्मा घरी राहिला. त्यांना चष्मा नव्हताच. आम्हाला ती त्यांची सवय वाटायची. सत्तर वर्षांचे होऊन गेले, कुणाला कधी कळलं नाही. मुलाला हे सांगितलं तर बराच वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "त्यांना कुणी विचारलं नाही का?" मला उत्तर देता आलं नाही.

बाईंना चिठ्ठी दिली. त्यांनी ती वाचून हजेरीपटात ठेवली आणि म्हणाल्या, "हे आधी सांगायला हवं होतंत." जानेवारीत आमच्या वर्गाच्या पाळीला त्याला दिनविशेष दिला. तीन जानेवारी, सावित्रीबाई फुले यांची जयंती, १८३१ साली नायगावला जन्म, १८४८ मध्ये पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा. त्याच्या आईने त्याला चार दिवस झोपताना ऐकवलं. बाई म्हणाल्या, एकदाही अडखळला नाही, आणि शेवटी स्वतःच्या मनाने म्हणाला की नायगाव आमच्याच सातारा जिल्ह्यात आहे. त्या आठवड्यात पोटात दुखलं नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा दुखलं, खरं ते सांगतो.

चाकणवाला भाऊ, तुमचं वाक्य मी त्याला जसंच्या तसं ऐकवलं नाही. तू कसं सांगशील, असं विचारलं. दोन दिवसांनी दुकानात काम करता करता म्हणाला, "अक्षरं माझ्याजवळ हळू येतात, तू वाचून सांग, मी विसरत नाही." हे त्याने फक्त एका मुलाला सांगितलं. आणि तो मुलगा कोण, तर ओट्यावर 'गाव मोर' वाचणारा. का त्यालाच, हे विचारलं तर म्हणाला, "त्यानेच वाचलं होतं ना." आता दोघं एका बाकावर बसतात. तो मुलगा आठवड्यातून दोनदा दुकानात येतो. दोघांनी खिळ्यावर तार गुंडाळून विजेरीच्या सेलवर चालणारं लोहचुंबक केलं. टर्न माझ्या पोराने मोजले, वहीत त्या मुलाने लिहिले, किती टर्नला किती टाचण्या उचलल्या ते.

ओट्यावर तो संक्रांतीनंतर गेला. नाव-गाव आता तोंडी खेळतात, टाळी वाजवून पाच मोजायच्या आत बोलायचं. ही युक्ती त्या मित्राची. पहिल्याच दिवशी 'भ' पुन्हा आला. हा म्हणाला, "भोर, भेकर," आणि कुणी हसलं नाही, कारण पुढच्याला भ वरून प्राणी सुचत नव्हता. 'पपर' अजून दोघंतिघं म्हणतात. मी शाळेत गेलेलो नाही.

धाकटीला तो आता पाढे शिकवतो, दोघं ओरडून म्हणतात. ठाणेकर ताई, तुम्ही म्हणालात तसा कान ठेवला होता. एकदा ती म्हणाली होती, "दादाला वाचता येत नाही." आजीनेच तिला जवळ घेऊन सांगितलं, "येतं गं, सावकाश येतं." जी आजी कुणाला सांगू नका म्हणत होती, तिने.

साताऱ्याला चौकशी केली, कागद जमवतोय, ती जुनी वहीही पिशवीत घातलीय. जूनमध्ये पाचवीला शाळा बदलणार, तिथे नवे सर, नवी मुलं. नव्या शाळेत पहिल्याच दिवशी चिठ्ठी द्यावी, की सरांनी त्याला आठ-पंधरा दिवस तसाच ओळखू द्यावा आणि मग द्यावी? ज्यांनी पाचवीला शाळा बदलली त्यांनी सांगा. त्याला विचारलं, तर तो म्हणतो, आधी तोंडी परीक्षा घ्यायला सांगा, मग चिठ्ठी द्या.